टिकफर्ड स्ट्रीटवरचा शुक्रवार

शुक्रवार, २० डिसेंबर १९७४. दुपारचे तीन वाजलेत, पण बकिंगहॅमशायरमधल्या न्यूपोर्ट पॅग्नेल गावात उजेड आताच मावळतीला लागलाय. ऊझल नदीवरचा १८१० सालचा लोखंडी पूल तुम्ही पायी ओलांडता आणि टिकफर्ड स्ट्रीटवर येता. रस्त्याच्या कडेला विटांच्या जुन्या इमारती. एकोणिसाव्या शतकात इथे सॅमन्स कुटुंब घोडागाड्या बांधायचं. आता इथे अ‍ॅस्टन मार्टिन बनते.

गाडी दिसण्याआधी आवाज येतो. ठक्, ठक्, ठक्. पुण्याच्या तांबट आळीतून कधी गेला असाल, तर तुम्ही जागीच थबकाल. तोच ठोका, तीच लय.

तुमच्या कोटाच्या आतल्या खिशात बँकेचा ड्राफ्ट आहे. त्याहून जड असं आणखी एक ओझं तुम्ही बरोबर आणलंय, आणि ते या गावात दुसऱ्या कुणाजवळ नाही. हे वर्ष संपता संपता या कारखान्याला टाळं लागणार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आत जा. पत्र्याच्या विभागात एक वयस्कर कारागीर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा दोन चाकांमध्ये धरून पुढे-मागे सरकवतोय. दर फेरीला पत्रा किंचित वाकतो. मधेच तो थांबतो, डोळे मिटून तळवा फिरवतो आणि उंचवटा हाताने शोधतो. तांब्याचा हंडा मठारल्यावर धातू घट्ट होतो. हा पत्राही फेरीफेरीने कणखर होत जातो. तुम्ही विचारता, "एका गाडीला किती दिवस लागतात?"

"लागतील तेवढे, सर," तो म्हणतो आणि पुन्हा पत्र्याकडे वळतो.

पलीकडे इंजिनं बांधतात. तादेउश मारेक या पोलिश अभियंत्याने आखलेलं हे आठ सिलिंडरचं, ५,३४० सीसीचं इंजिन. वर वेबरची चार जुळी कार्बुरेटर्स. ती मावावीत म्हणून बॉनेटला उंचवटा दिलाय. आणि इंजिनावर एक छोटी पट्टी, तिच्यावर जबाबदार कारागिराचं नाव. कंपनीचा मालक कोण, हे गाडीवर कुठेही लिहिलेलं नाही. ही पट्टी मात्र आहे.

इतकं चोख काम करणारा कारखाना बुडतो कसा? आजूबाजूला नीट पाहा, उत्तर इथेच आहे. अर्धवट बांधलेली प्रत्येक गाडी म्हणजे अडकलेला पैसा. पत्र्याचे, कातड्याचे, जर्मनीहून येणाऱ्या झेडएफ गिअरबॉक्सचे पैसे आधी मोजायचे, कामगारांचा पगार दर आठवड्याला करायचा, आणि मोबदला हाती पडायचा तो गाडी विकल्यावर, म्हणजे काही महिन्यांनी. ही पोकळी भरायला पाठीशी कुणीतरी भक्कम लागतो. १९४७ ते १९७२ डेव्हिड ब्राउन होते. ट्रॅक्टर आणि गिअरच्या धंद्यातली कमाई त्यांनी इथे ओतली. अखेर त्यांनी कर्जं फेडली आणि कंपनी नाममात्र किमतीला बर्मिंगहॅमच्या एका गुंतवणूकदार कंपनीच्या हाती दिली.

मग ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. १९७४ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत ब्रिटनमधल्या कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळाली. गेल्या महिन्यात सरकारने पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर ८ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर नेला. लिटरला जेमतेम साडेचार-पाच किलोमीटर जाणारी, साध्या घराच्या किमतीची गाडी अशा वेळी कोण घेणार? राहिली अमेरिका. तिथे धुराचे नवे नियम आलेत. इंजिन त्या नियमांत बसवायचं, तर चाचण्यांचा खर्च लाखो गाड्या विकणाऱ्याला येतो, तसाच वर्षाला काहीशे गाड्या विकणाऱ्यालाही. मोठ्याला तो जाणवतही नाही, लहानाचा मात्र श्वास कोंडतो.

दर्शनी खोलीत विक्री पाहणारे गृहस्थ तुम्हाला खुर्ची देतात. समोर कातड्याचे नमुने मांडतात. "नवीन बांधून घेतलीत, तर सगळं तुमच्या मनासारखं होईल, सर. इसार आज द्या, बाकी रक्कम गाडी नेताना."

ते फसवत नाहीयेत, त्यांचा स्वतःचा विश्वास आहे. पण तुम्ही इथे हात आवरा. इसार दिला की तुमच्या हाती काय येतं? एक पावती. जी गाडी अजून बांधायचीच आहे, तिच्यावर कायद्याने तुमची मालकी नसते. उद्या कर्जवसुलीसाठी नेमलेला रिसीव्हर आला, तर तारण घेतलेली बँक आधी, मग कर आणि पगार यांसारखी अग्रक्रमाची देणी. त्यातून काही उरलंच, तर सर्वांत शेवटी विनातारण धनको. त्या रांगेत तुम्ही असाल, स्क्रू पुरवणाऱ्या दुकानदाराच्या शेजारी. तुमचं मन गाडीत गुंतलंय, याची तिथे कुणी दखल घेणार नाही.

मग पाठ फिरवून निघून जायचं? क्षणभर तसं वाटतं, पण ठक् ठक् इथेही ऐकू येतेय. प्रत्येक शहाण्या माणसाने पाठ फिरवली, तर हा आवाज आजच थांबेल.

"आवारात ती गडद हिरवी उभी आहे, ती पूर्ण तयार आहे?" तुम्ही विचारता.

"तयार आहे, सर."

"मग तीच द्या. संपूर्ण रक्कम आत्ता देतो आणि गाडी आत्ताच नेतो. चासी नंबर, इंजिन नंबर बिलावर लिहून द्या."

अडचणीतल्या लहान कारखान्याशी करायचा प्रामाणिक सौदा हाच, असं मला मनापासून वाटतं. इसार म्हणजे कारखान्याच्या अंगावर चढलेलं आणखी एक देणं. तयार गाडीची पूर्ण किंमत म्हणजे मोकळी झालेली मिळकत. तुमची फसगत होत नाही आणि त्यांच्या हाती आज खरा पैसा पडतो. रंग मनासारखा मिळाला नाही, एवढंच नुकसान सोसायचं.

किल्ली हातात येते. स्टीअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे. क्लच जड आहे, पाय रोवून दाबावा लागतो. इंजिन सुरू होतं तेव्हा आवाज कानाआधी पाठीत उतरतो. फाटकाबाहेर पडताना तो पत्र्याचा कारागीर सायकल घेऊन बाजूला उभा असतो. गाडी पुढे जाते, पण तो तुमच्याकडे पाहत नाही. मडगार्डवर उजेड कसा वाहतो, तेवढंच त्याचे डोळे तपासतात. काच खाली करून त्याला सगळं सांगावंसं वाटतं, पण शब्द फुटत नाहीत. तुम्ही एम-वन महामार्गाकडे वळता.

अकरा दिवसांनी वर्ष संपतं, तोवर ठोके थांबलेले असतात. नव्या वर्षात शेकडो माणसं बेकार असतात आणि लंडनचा शेअर बाजार दोन दशकांच्या तळाला गेलेला असतो. हमीचा जो कागद तुम्हाला मिळाला होता, त्यामागे उभं राहायला आता कुणी नाही. गाडी मात्र तुमच्या दारात आहे.

काळ थोडा पुढे सरकवा. जून १९७५: अमेरिकेचे पीटर स्प्रेग आणि कॅनडाचे जॉर्ज मिंडन साडेदहा लाख पौंडांना कारखाना घेतात आणि त्याच इमारतींत पुन्हा काम सुरू होतं. ऑक्टोबर १९७६: लंडनच्या मोटार प्रदर्शनात विल्यम टाउन्स यांनी रेखाटलेली, याच कारखान्याची, पाचरीसारखी धारदार लगोंडा ही गाडी उभी आहे आणि लोक इसार द्यायला पुढे सरसावताहेत. पहिल्या गाड्या ग्राहकांना मिळायला अजून बराच काळ जाणार आहे. या वेळी कारखाना तगतो आणि इसार वाया जात नाही. तरीही गर्दीच्या कडेला उभे असताना तुमचा हात नकळत खिशातल्या किल्लीवर जातो.

आता आजच्या दिवसात या. टिकफर्ड स्ट्रीटवर नव्या गाड्यांचं नियमित उत्पादन २००७ साली थांबलं. पण अ‍ॅस्टन मार्टिनच्या जुन्या गाड्यांची दुरुस्ती आजही याच रस्त्यावर होते. तुमची हिरवी गाडी तिथे नेता. पुढच्या मडगार्डला पोचा आलाय. तरुण कारागीर डोळे मिटून त्यावरून तळवा फिरवतो, अगदी तसाच. मग बॉनेट उचलतो, चिंधीने तेलाचा थर पुसतो, आणि खालच्या पट्टीवरचं नाव मोठ्याने वाचतो.