दांडा

वादळात अंगणातला गुलमोहर आडवा झाला आणि आपणच यंत्राची करवत आणून त्याचे ओंडके पाडावेत, असं माझ्या मनात आलं. पिंपरी-भोसरीच्या पट्ट्यात तीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर असे झटके येतात. ‘‘आधी विळीला धार लावून दाखवा,’’ एवढंच आमची ही म्हणाली.

चाकणच्या दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, ‘‘काका, दांडा कसला देऊ? अर्धा की पूर्ण वेढ्याचा?’’

दांड्याविषयीचं माझं ज्ञान ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ इथेच संपत होतं. घरी येऊन वाचलं, तेव्हा कळलं की या दांड्यालाही बखर आहे. जर्मनीच्या आंद्रेआस श्टीलने १९२६ साली विजेवरची करवत बनवली, ती ६४ किलोंची! वखारीतल्या जुन्या करवतीसारखी तिलाही दोन टोकांना दोन माणसं लागत. १९५० च्या सुमारास करवत एकट्याच्या हातात आली आणि भानगड सुरू झाली. उभं झाड पाडताना पातं आडवं धरायचं, पडलेल्या खोडाचे ओंडके करताना उभं. जुन्या कार्ब्युरेटरला ही उलथापालथ मानवेना. आपली स्कूटर तिरकी केली की सुरू व्हायची, ही बया तिरकी केली की बंद! पडद्याचा कार्ब्युरेटर आला आणि यंत्र कुठल्याही कुशीवर चालू लागलं. आता प्रश्न डाव्या हाताचा. करवत कुशीवर वळली, की त्याने धरायचं काय?

अर्धा दांडा वरून डावीकडे उतरतो. पूर्ण दांडा उजवीकडेही वळसा घालतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, डोंगरउतारावरच्या अजस्र झाडांना दोन्ही अंगांनी भिडणाऱ्यांना तो हवाच. पण त्याचं वजन जास्त, आणि जमिनीलगत कापताना उजवीकडची कमान आडवी येते. आपल्याकडे शहरात उभं झाड पाडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. आमच्या गुलमोहराने ते काम परस्पर उरकलं होतं. राहिले ओंडके. म्हणजे अर्धा दांडा पुरे.

दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, ‘‘काका, दोन्ही हात दांड्यावर, अंगठा खालून. एक हात सोडायचा नाही.’’

आणि मला आमची प्रेस आठवली. तिला दोन बटणं होती, दोन हातांना दोन. काम लवकर उरकावं म्हणून कुणीतरी एक बटण कायमचं दाबून ठेवलं, आणि माझ्या शेजारच्या मशीनवरचा दोस्त दोन बोटं गमावून घरी गेला. दुसरं बटण प्रेस चालवण्यासाठी नव्हतंच. ते हात अडकवून ठेवण्यासाठी होतं. हा दांडाही तसाच.

करवत आणली. ओंडके झाले. संध्याकाळी हिने माझी दहाही बोटं मोजली आणि मग चहा दिला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ असेल, पण या दांड्याने आमचं गोत राखलं!