सोनकीची म्हातारी

भाद्रपदात मळवली स्टेशनावर उतरून भाजे गावातून विसापूरची वाट धरली की रान सरतं आणि पठार लागतं. त्या पठारावर हिरव्यापेक्षा पिवळा रंग जास्त असतो. हे काय फुललंय, असं गुरांमागे आलेल्या मावशींना विचारा. उत्तर एकच मिळेल : सोनकी. समोरच्या लोहगडावर विचारा, राजमाचीला विचारा, तिथेही सोनकीच. सोन्यावरून आलेलं हे नाव सह्याद्रीनं एका रोपाला दिलेलं नाही, सगळ्या भावकीला मिळून दिलं आहे.

या भावकीचं शास्त्रीय आडनाव सेनेसिओ. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 साली ते पक्कं केलं, पण शब्द त्याचा नव्हे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहून गेला आहे की, ग्रीक ज्याला एरिगेरॉन म्हणतात त्याला आम्ही सेनेसिओ म्हणतो. सेनेक्स म्हणजे म्हातारा. एरिगेरॉनचा अर्थही तसाच, वसंतातच म्हातारं झालेलं. फूल सुकलं की दाण्याच्या माथ्यावर पांढऱ्या केसांचा झुपका उभा राहतो, त्यावरून हे नाव पडलं.

इथे मला रुईचं बोंड आठवतं. ते फुटलं की वाऱ्यावर तरंगत येणाऱ्या पांढऱ्या झुपक्याला आपली मुलं काय म्हणतात? म्हातारी! रोमच्या माणसाला आणि आपल्या गल्लीतल्या पोराला पांढरे केस पाहून एकच गोष्ट सुचावी, याचा मला फार आनंद वाटतो. आपण मात्र या झाडाचं नाव ठेवताना त्याचं तारुण्य पाहिलं आणि त्यांनी त्याचं म्हातारपण.

भावकीतल्या एकेकाची नावं वाचली तर कंपनी सरकारच्या काळातली हजेरी वाचल्यासारखं वाटतं. डॅल्झेलची सोनकी, गिब्सनची सोनकी, एजवर्थची सोनकी. अलेक्झांडर गिब्सन दापोडीची सरकारी बाग पाहत, पुढे मुंबई इलाख्याच्या जंगलांचे प्रमुख झाले. त्यांनी आणि डॅल्झेल यांनी मिळून लिहिलेला 'बॉम्बे फ्लोरा' 1861चा. आणि आपल्या मावळात सगळ्यांत जास्त दिसते ती सोनकी होती ग्रॅहमची.

जॉन ग्रॅहम मुंबईच्या टपालखात्यातले अधिकारी. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी त्यांनी तयार केली, ती छापखान्यात असतानाच 1839च्या मे महिन्यात खंडाळ्याला त्यांचं निधन झालं. उरलेलं पुस्तक जोसेफ निम्मो यांनी पुरं केलं. 1881 साली वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी ग्रॅहमचं नाव या सोनकीला दिलं. पाऊस तोंडावर आलेला असताना माणूस ज्या घाटात गेला, तोच घाट दर पावसाळ्याच्या शेवटी त्याच्या नावाच्या फुलानं पिवळा होऊ लागला. पण नावही टिकलं नाही. दुसऱ्या एका सेनेसिओनं ते आधीच घेतलेलं होतं, आणि एका कुळात दोघांना एक नाव चालत नाही. विसाव्या शतकात एन. पी. बालकृष्णन यांनी तिला नवं नाव दिलं, सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. नियम बरोबर आहे, तरी ग्रॅहमचं नाव पुसलं गेल्याची रुखरुख मला आहेच.

मग ओळखायची कशी? आधी कारळा, सोनकडी अशी परकी पिवळी फुलं बाजूला काढावीत. कारळ्याची पानं बहुतेक समोरासमोर येतात, सोनकीची एकाआड एक. फुलाखालची हिरवी वाटी पाहावी : सोनकीच्या वाटीला सारख्या उंचीच्या अरुंद हिरव्या पात्यांची एकच ओळ असते, सोनकडीच्या वाटीला अनेक ओळी. ही वाटी जमली की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं भावकीच्या आतलं, आणि ते चिवट आहे. एजवर्थची सोनकी पान उलटल्यावर सापडते, कारण खालच्या बाजूला कापसासारखी पांढरी लव असते. पण बाकीच्यांसाठी दाणाच हवा. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो असतो फुलांचा मेळा : कडेला पाकळीची फुलं, मधे नळीची. दोन्हींचे दाणे वेगळे ठेवून भिंगाखाली पाहावे लागतात. दाणा लवदार की गुळगुळीत? माथ्यावर केस आहेत, फक्त मधल्या दाण्यांना आहेत, की नाहीतच? वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांना बेळगावकडच्या एका रोपाच्या दाण्यावर केस दिसले नाहीत, तेव्हा त्यांनी त्याचं कूळच वेगळं मानून नाव ठेवलं मॅडाकार्पस, म्हणजे टकल्या फळाचं. नंतर क्लार्क या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते पुन्हा सेनेसिओत आणलं. म्हाताऱ्यांच्या कुळातला टकला, एवढंच!

खंडाळ्याची झाडं अशी दाणा दाणा पाहून फादर सांतापाव यांनी नोंदवली. मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजातले हे स्पॅनिश जेझुइट वर्षानुवर्षं घाटात हिंडले, आणि 1953 साली त्यांचा 'फ्लोरा ऑफ खंडाळा' निघाला. मावळात हिंडणाऱ्या कुणालाही मी आधी तेच पुस्तक शोधायला सांगेन.

फोटो काढणारे सोनकी पिवळी असताना येतात. तिची ओळख मात्र त्यानंतर पटते, पठारावरचं गवत वाळू लागतं आणि गडावर गर्दी उरत नाही तेव्हा. भिंग आणि कागदाची पुडी घेऊन तेव्हा जावं. वाळलेलं एक बोंड सकाळीच, वारा पडलेला असताना तळहातावर मोडावं. दुपारी विसापूरवर वारा सुटला की केस असलेले दाणे हाती लागत नाहीत.