गोवा ट्रान्स
इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा एक प्रकार. १९९०च्या आसपास उत्तर गोव्यातील हणजूण, वागातोर येथील किनाऱ्यांवर, परदेशी हिप्पींच्या रात्रभर चालणाऱ्या पार्ट्यांतून तो घडला. गती साधारणतः मिनिटाला १३० ते १५० ठोके. बास ड्रमचा सम ठोका अखंड चालतो. त्यावर सिंथेसायझरच्या सुरावटींचे थर चढत जातात. रोलँड टीबी-३०३ या यंत्राचा पिळवटलेला, चिरकणारा ध्वनी ही त्याची ठळक खूण. उष्म्यात व धुळीत तबकड्या टिकेनात, म्हणून गोवा गिलसारखे डीजे डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) कॅसेटी वाजवत; त्यांची गती जुळवणे अवघड, त्यामुळे रचनांचा आरंभ आणि शेवट लांबलचक, बिनठोक्याचा ठेवला जाई. हॅल्युसिनोजेन या संगीतप्रकल्पाचा ‘ट्विस्टेड’ (१९९५) हा गाजलेला अल्बम. ध्वनिमुद्रणे मात्र बहुतांशी युरोप व इस्राएलमधली; गोमंतकीय संगीताशी त्यांचे नाते नावापुरतेच. पुढे गोवा ट्रान्समधूनच सायट्रान्स (सायकेडेलिक ट्रान्स) हा प्रकार निघाला.