गरिबाघरचा जिवंत दिवा

क्युबा, हिस्पॅनिओला आणि मेक्सिकोच्या उष्ण प्रदेशातला ‘कोकुयो’ हा पायरोफोरस प्रजातीतला भुंगेरा. छातीच्या कवचावर मागच्या कोपऱ्यांत दोन हिरवट दिवे आणि पोटाखाली तिसरा, जो उडताना दिसतो. आपल्या काजव्यासारखी उघडझाप नाही; उजेड संथ आणि सलग. त्यामुळे जुन्या लेखनात त्याची गणना नवलाईत झाली. त्याचा इतिहास मात्र प्रामुख्याने माणसांच्या कसबाचा आहे.

यावर पहिला आक्षेप साधनांचा: जुन्या नोंदी ऐकीव आहेत. स्थानिक लोक रात्री चालताना पायाच्या अंगठ्यांना कोकुयो बांधतात आणि घरातले डास मारायला ते सोडतात, असं स्पेनच्या दरबारातल्या पीटर मार्टिर या इतिहासकाराने लिहिलं. पण त्याने अमेरिकेत कधी पाऊलच ठेवलं नव्हतं. डासांची गोष्ट सोडून द्यावी हेच बरं, कारण पूर्ण वाढलेला कोकुयो फळांच्या आणि उसाच्या रसावर जगतो. उजेडाचं तसं नाही. 1514 मध्ये समुद्र ओलांडून गेलेल्या आणि पुढे अनेक वर्षं तिकडे राहिलेल्या स्पॅनिश इतिहासकार ओव्हिएदोने 1535 च्या आपल्या इतिहासात या किड्याच्या प्रकाशात लिहिता-वाचता येतं, असं नोंदवलं आहे. जवळजवळ तीन शतकांनी, 1801 मध्ये, जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट क्युबात होता तेव्हा गोरगरिबांच्या घरी त्याला भोकं पाडलेल्या भोपळ्याचा कंदील आढळला. आत पंधराएक कोकुयो; उजेड मंदावला की भोपळा हलवायचा. त्रिनिदाद गावातल्या एका तरुणीने त्याला सांगितलं, की समुद्रप्रवासात रात्री बाळाला पाजताना ती हाच उजेड वापरी, कारण चाच्यांच्या भीतीने कप्तान दुसरा दिवा लावू देत नसे. वैज्ञानिक दृष्टीच्या प्रवाशाची ही नोंद ऐकीव नवलाईत ढकलता येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की एकोणिसाव्या शतकात हवाना आणि व्हेराक्रूझच्या स्त्रिया हे किडे केसांत, पोशाखात मिरवत. म्हणजे शेवटी शोभेचीच वस्तू. पण मिरवायलाही किडा जगवावा लागे: पिंजऱ्यात उसाचा तुकडा, वेळोवेळी पाण्याने आंघोळ. भोपळ्यामागचं आणि या हौसेमागचं ज्ञान एकच. पुढे विज्ञानालाही जिवंत कोकुयोच लागले. 1885 मध्ये फ्रान्सच्या राफाएल द्युबुआने त्यांच्या प्रकाशेंद्रियांचा गार पाण्यातला अर्क विझू दिला, मग त्यात गरम पाण्यातला अर्क मिसळला आणि उजेड परत आला. हा प्रकाश रासायनिक क्रियेचा आहे हे उघड झालं. 1890 मध्ये लँग्ले आणि व्हेरी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं, की त्यात उष्णता जवळपास नाहीच. त्यांनी त्याला सर्वांत स्वस्त प्रकाश म्हटलं. तेल, मेण विकत घेणं न परवडणाऱ्या घरांनी हा हिशेब आधीच केला होता. प्रकाशाच्या इतिहासात त्या भोपळ्याची नोंद दिव्याच्या प्रकरणात व्हायला हवी.