रोझेटनव्हिलची सेंट पीटर्स शाळा

जोहान्सबर्ग शहराच्या दक्षिण भागात रोझेटनव्हिल नावाचे उपनगर आहे. तेव्हा तेथील वस्ती गोऱ्यांची होती, परंतु मर्फील्डच्या ‘कम्युनिटी ऑफ द रिझरेक्शन’ ह्या अँग्लिकन संन्यासी-संघाने तेथेच १९२२ साली आफ्रिकन मुलांसाठी सेंट पीटर्स ही निवासी शाळा काढली. गोऱ्या मुलांच्या तोडीचा अभ्यासक्रम आणि त्यांचीच प्रवेशपरीक्षा, एवढाच तिचा आग्रह होता. त्या देशात एवढा आग्रहही पुष्कळ होता.

फळ लवकरच दिसले. ट्रान्सकायमधून आलेला ऑलिव्हर टाम्बो १९३८ साली ह्या शाळेतून पहिल्या वर्गात मॅट्रिक झाला. पुढे फोर्ट हेअर महाविद्यालयातून एका संपापायी त्यास काढण्यात आले, तेव्हा ह्याच शाळेने त्यास गणित व विज्ञान शिकविण्यास बोलाविले. मंडेलांचा हा भावी सहकारी काही वर्षे येथील मास्तर होता, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पीटर अब्राहम्स आणि एझेकिएल म्फाहलेले हे दोन नामवंत लेखकही येथलेच विद्यार्थी.

१९४९ पासून शाळेची धुरा फादर ट्रेव्हर हडलस्टन यांजकडे होती. ह्यू मासेकेला नावाच्या खोडकर मुलास त्यांनी ट्रम्पेट मिळवून दिला आणि शाळेत वाद्यवृंदच उभा राहिला; पुढे लुई आर्मस्ट्राँग यांनी आपले एक वाद्य ह्या मुलासाठी अमेरिकेहून पाठविले.

१९५३ साली ‘बांटू शिक्षण कायदा’ झाला. आफ्रिकनांचे शिक्षण मिशनऱ्यांच्या हातून काढून नेटिव्ह खात्याकडे द्यावयाचे, हा त्याचा गाभा. त्या खात्याचे मंत्री फेरवुर्ड यांनी सिनेटमध्ये १९५४ साली उघड सांगितले की, गोऱ्यांच्या समाजात ठराविक प्रकारच्या मजुरीपलीकडे आफ्रिकनास स्थान नाही. ज्यास गणिताचा उपयोग व्हावयाचा नाही त्यास गणित कशास, असा हा हिशेब होता.

मिशनांपुढे पेच पडला. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांनी शाळा सरकारच्या स्वाधीन केल्या. मुले रस्त्यावर येण्यापेक्षा वाईट शाळा बरी, असे त्यांचे म्हणणे, आणि ते सहज झटकून टाकण्याजोगे नव्हे. रोमन कॅथलिकांनी स्वतःच्या पैशावर तग धरण्याचा यत्न केला. जोहान्सबर्गचे बिशप अँब्रोज रीव्ह्ज व हडलस्टन यांनी मात्र शाळा बंद करण्याचे ठरविले. गुलामगिरीचे पाठ आपल्या हातून दिले जाऊ नयेत, ही त्यांची भूमिका. निर्णय गोऱ्या धर्मगुरूंचा असला, तरी त्याची किंमत मोजावी लागली ती वर्गात बसलेल्या काळ्या मुलांना. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. पण त्याचा गौरव करताना ही बाब पुष्कळांच्या नजरेतून निसटते.

१९५६ साली सेंट पीटर्स बंद झाली. त्याच सुमारास संघाने हडलस्टन यांना इंग्लंडला परत बोलाविले. पुढे १९५८ साली त्याच जागेत सेंट मार्टिन्स ही शाळा सुरू झाली; गोऱ्या मुलांसाठी.