आजीचा आवाज नेमका कोणत्या वेगाचा?

हा भाग तुम्ही कोणत्या वेगाने ऐकलात? खरं सांगा. एमआरटीत उभ्या उभ्या १.५ वर, की त्याहून जास्त? आम्ही रागावणार नाही, आम्हीही तेच करतो. पण आज बोलायचंय ते त्या छोट्या आकड्याबद्दलच, कारण माझ्या घरच्या एका कॅसेटने मला त्यात चांगलंच अडकवलं.

कॅसेट १९९४ ची. पाटण तालुक्यातल्या घरात आजी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप सांगतेय. सिंगापूरला आणून ती डिजिटल करून घेतली, फाईल उघडली, आणि बाबा म्हणाले, "ही आई नाही वाटत. एवढ्या घाईत ती कधी बोललीच नाही." शब्द तिचेच होते, पण आवाज थोडा पातळ, थोडा तरुण झालेला. आता खरा वेग कोणता, हे ठरवायचं कसं?

तुम्हाला वाटेल, हा सॉफ्टवेअरच्या जमान्यातला प्रश्न. तसं नाहीये. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' घ्या. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो लोकांसमोर आला. लांबी साधारण ३,७०० फूट. पण तो किती मिनिटांचा होता? ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी मावतात. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचे: एका फेऱ्यात आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ चौकटी. हा झाला आदर्श, हात काही घड्याळ नसतो. १६ ने दाखवलात तर सिनेमा सुमारे ६२ मिनिटांचा होतो, २४ ने दाखवलात तर ४१ चा. सिनेमा तोच, फक्त २१ मिनिटं गायब! जुन्या मूकपटांतली माणसं तुरुतुरु पळताना दिसतात ती बहुतेक वेळा याचमुळे. ती माणसं तशी चालत नव्हती, त्यांना तसं चालवलं गेलं.

मग २४ हा आकडा पक्का कधी झाला? बोलपट आल्यावर. १९३१ चा 'आलम आरा', १९३२ चा प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. डोळा वेगातला फरक पुष्कळ खपवून घेतो, कान घेत नाही. आवाज फिल्मच्या कडेला छापला की फिल्म जरा जोरात धावली तरी नायकाचा आवाज चढतो, आणि प्रेक्षकाला ते लगेच कळतं.

ध्वनिमुद्रिकांचं दुखणं त्याहून जुनं. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. त्याच दौऱ्यात पुढे १९०३ मध्ये तो सिंगापूरलाही मुद्रण करून गेला. तुम्ही आज राहता त्या शहराची आणि आपल्या संगीताची ही एक जुनी गाठ आहे. त्याचं यंत्र खाली उतरणाऱ्या वजनावर चालायचं. आपण सरसकट '७८ ची तबकडी' म्हणतो खरं, पण तो वेग पक्का व्हायला विसाचं दशक उजाडलं. त्याआधीच्या तबकड्या कमी-जास्त वेगाने कापल्या गेल्या. मिनिटाला ७२ फेऱ्यांवर कापलेली तबकडी ७८ वर लावली तर आठ टक्के जोरात चालते आणि सूर एका अर्धस्वराहून जास्त चढतो. गायिकेची पट्टी काळी एक होती की पांढरी दोन, हे मग तिच्या गळ्याऐवजी तुमच्या मशीनवर ठरतं. जुन्या गायकीचा अभ्यास करणाऱ्यांसाठी ही लहान बाब नाही.

संगणक आला म्हणून हे संपलं का? इथलंच उदाहरण घ्या. चायनाटाउनच्या पर्ल्स सेंटरमधल्या छोट्या दुकानातून सिम वाँग हू यांनी १९८१ मध्ये क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी सुरू केली. १९८९ च्या त्यांच्या साउंड ब्लास्टर कार्डामुळे घरोघरचे पीसी बोलू लागले. या कार्डात वेग ठरवायची रीत अशी: दहा लाखाला एका पूर्ण संख्येने भागायचं, जे उत्तर येईल तेवढे नमुने सेकंदाला वाजवायचे. आता २२,०५० नमुन्यांची फाईल वाजवून बघा. ४५ ने भागलं तर २२,२२२ येतात, ४६ ने भागलं तर २१,७३९. बरोबर २२,०५० येतच नाहीत. पहिल्या पर्यायात आवाज पाऊण टक्का जोरात चालायचा. कुणाच्या लक्षातही येत नसे, पण वेग निवडणारं कुणीतरी तिथेही होतंच.

आता तुमच्या लॅपटॉपकडे येऊ. ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तीन वेगळ्या गोष्टी असतात: स्पीड, टेंपो आणि पिच. स्पीड बदलला की वेळ आणि सूर दोन्ही एकत्र बदलतात, तबकडी जोरात फिरवल्यासारखे. टेंपो बदलला तर वेळ बदलते, सूर जागच्या जागी राहतो. पिच बदलली की याच्या उलट. वेळ आणि सूर असे सुटे करणं सोपं नव्हतं. बेल लॅब्जच्या फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी १९६६ मध्ये त्याची एक गणिती रीत मांडली. तुमचं पॉडकास्ट अ‍ॅप साधारणपणे आवाजाचे सेकंदाच्या शतांशांतले तुकडे करतं, काही गाळतं, उरलेले एकमेकांवर सरकवून जोडतं. म्हणून १.५ वरही आमचा आवाज चिपमंकसारखा होत नाही.

जुनी कॅसेट दुरुस्त करताना मात्र टेंपोला हात लावू नका. टेप चुकीच्या वेगाने फिरली तर वेळ आणि सूर दोन्ही बिघडतात, तेव्हा इलाजही दोन्हींवर एकदम हवा. म्हणजे स्पीड.

पण किती? इथे मला आजीच्या गप्प बसण्याने वाट दाखवली. कॅसेटमध्ये एका जागी ती शेजारच्या घराचं नाव घेते आणि थांबते. नऊ सेकंद काहीच नाही. मी ती जागा निवडून आलेख काढला, आणि त्या शांततेत एक बारीक घुंई सापडली: घरच्या विजेची. भारतात वीज ५० हर्ट्झची (सिंगापुरातही, अमेरिकेत ६०). माझ्या फाईलमध्ये घुंई होती ५३ वर. म्हणजे आवाज सहा टक्के जोरात, जवळजवळ एक अर्धस्वर वर. चूक १९९४ च्या रेकॉर्डरची की आताच्या प्लेअरची, याने इथे फरक पडत नाही. ५० भागिले ५३, म्हणजे स्पीड ५.६६ टक्के कमी. २८ मिनिटांची फाईल २९ मिनिटं ४१ सेकंदांची झाली.

एक सावधगिरी. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या विजेचा हा आकडा ५० च्या खाली-वर बराच हलायचा. म्हणून घुंई फक्त अंदाज देते, शेवटची पारख ओळखीच्या कानाची. बाबांना ऐकवलं. ते काही बोलले नाहीत, पूर्ण फाईल ऐकून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावली.

आणखी एक गोष्ट. त्या सॉफ्टवेअरमध्ये शांतता आपोआप कापायची सोय असते आणि पॉडकास्ट करताना ती हात शिवशिवावे इतकी सोयीची वाटते. मी ती आधी वापरली असती तर ती नऊ सेकंद गेली असती, त्यांच्याबरोबर घुंई गेली असती आणि खरा वेग शोधायचा धागाही. आणि भूकंपाबद्दल आजीने जे शब्दांत सांगितलं नाही, तेही गेलं असतं.

तुमच्या घरीही अशी एखादी कॅसेट असेल. डिजिटल करा, पण मूळ फाईल तशीच ठेवा. दुरुस्त प्रत वेगळी ठेवा आणि तिच्या नावात लिहा: किती टक्के, कशावरून. आणि पहिल्यांदा ऐकाल तेव्हा १ वर ऐका.