शंभरावा भाग आणि नवाल

८ ऑगस्ट १९८४. लॉस एंजेलिसमध्ये महिलांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच होत होती. आपल्याकडे ही शर्यत लक्षात राहिली ती हळहळीपोटी: पी. टी. उषा ५५.४२ सेकंदांत चौथी आली आणि रुमानियाच्या क्रिस्तियाना कोजोकारूने ५५.४१ सेकंदांत कांस्य नेलं.

पण त्या दिवशी जिंकलं कोण?

मोरोक्कोची नवाल एल मुतवाकेल. वेळ ५४.६१ सेकंद. १९६२ साली कासाब्लांकात जन्मलेली ही मुलगी अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात शिकत होती. मोरोक्कोच्या पथकात ती एकटीच स्त्री होती आणि देशाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण तिनेच आणलं. मुस्लिमबहुल देशातल्या स्त्रीने ऑलिंपिक सुवर्ण जिंकण्याची ही पहिलीच वेळ. राजे दुसरे हसन यांनी त्या दिवशी जन्मलेल्या मुलींचं नाव नवाल ठेवावं, असं जाहीर केलं.

या शर्यतीत ७६.२ सेंटिमीटर उंचीचे दहा अडथळे असतात. पहिला ४५ मीटरवर, पुढचे दर ३५ मीटरला. दोन अडथळ्यांमधली पावलं ठरलेली. ती चुकली की सगळी लय बिघडते.

भारतालाही ही शर्यत नवी नव्हती. १९८२च्या दिल्ली आशियाईत एम. डी. वलसम्माने याच प्रकारात सुवर्ण मिळवलं होतं. त्याच्याही आधी, १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये नीलिमा घोष ८० मीटर अडथळ्यांत धावली होती.

नवाल १९९८मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची सदस्य झाली, २००७मध्ये मोरोक्कोची क्रीडामंत्री. कासाब्लांकात तिने १९९३पासून बायकांसाठी दहा किलोमीटरची दौड भरवायला सुरुवात केली.